सूर्यचंद्राखालचं गाढव

म्हसवडकडं जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या तोंडाला माझी अर्धा एकर जागा आहे. बाजारोबाजार शेळ्या-बोकडांचे सौदे करून ती घेतली; कुणी बक्षीस दिली नाही. तिथं पशुखाद्याचं दुकान काढायचं होतं. रस्त्याला फक्त एक कोपरा लागत होता आणि शटर तिथंच उघडणार होतं. बाकी सगळीकडं दुसऱ्यांची रानं. कोपरा गेला तर मागची जागा असून नसल्यासारखी.

त्या कोपऱ्यात मातीतून गुडघाभर वर आलेला एक दगड होता. वर सूर्य, चंद्र आणि खाली झिजलेल्या ओळी. जमीन विकणारा म्हणाला होता, हद्दीचा दगड हाय. मी पुढं विचारलं नाही. सौदा झाल्यावर मी कधीच फार विचारत नाही.

मग गावात वारसा समिती निघाली. अध्यक्ष झाले पलटणीतून निवृत्त होऊन आलेले सुभेदार. एक दिवस माणसं घेऊन माझ्या जागेत आले.

"पाव्हणं, ह्यो आमच्या पूर्वजांचा विजयस्तंभ हाय. चौथरा बांधायचाय. कोपरा सोडा."

मी मूळचा शिराळ्याकडचा. माझी पोरं या गावात जन्मली, इथल्या शाळेत शिकली, तरी मी अजून पाव्हणाच.

"विजयस्तंभ कशावरनं?" मी विचारलं.

सुभेदारांनी मोबाइल पुढं केला. जुन्या इंग्रजी पुस्तकातलं एक चित्र होतं. पूर्वी कुणी गोरा साहेब घोड्यावरून या भागात फिरला होता, त्यानं काढलेलं. सूर्य, चंद्र, अक्षरं, सगळं रेखीव. त्याखाली कोरा कागद. इंग्रजांनी आपला इतिहास दडपला, हे सुभेदार प्रत्येक भाषणात सांगायचे. पुरावा मागितला की मात्र साहेबाचंच पुस्तक काढायचे.

"आवं सुभेदार, साहेब लबाड म्हणता आणि साक्षीला त्यालाच आणता व्हय?"

"चित्रात कसली लबाडी? आन तुमच्या शिराळ्याला नागपंचमीचं नाग हायती की! आमाला दगड तरी ऱ्हाऊ द्या."

सगळे हसले. माझं डोकं तापलं. तेव्हा मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढं कळलं की त्यातलं बरंचसं त्या दगडावर आधीच कोरलेलं होतं.

समितीनं सूर्यचंद्राचे टी-शर्ट छापले, फ्लेक्स लावला आणि दगडाला दुधाचा अभिषेक ठरवला. मी अडवलं नाही. हलगी आणि कलश घेतलेल्या बायांपुढं आडवा पडलो असतो, तर पाव्हण्याचा गद्दार व्हायला वेळ लागला नसता. अभिषेकाआधी दगड बुडापर्यंत मोकळा करायचा म्हणून त्यांनी भोवतीची माती उकरली. खाली एक बाई निघाली आणि एक गाढव. त्या दोघांत काय चाललंय हे दाखवायला कोरणाऱ्यानं काही बाकी ठेवलं नव्हतं.

हलगी थांबली. बाया पदराआड हसायला लागल्या. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, ह्यो विजय कुणाचा म्हनायचा? बाईचा का गाढवाचा?"

सुभेदारांनी सत्कारासाठी आणलेली शाल दगडाला गुंडाळली.

आठवड्याभरात पुण्याहून जुने लेख वाचणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी शाल काढली, अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांवर पीठ फासलं आणि सरळ आवाजात सांगितलं, "याला गधेगाळ म्हणतात. कुणीतरी देवळाच्या दिव्यासाठी जमीन दान दिली. ती जो बळकावेल त्याच्या आईला गाढव लागो, असा शाप आहे. साहेबानं हे पाहिलं असणार. त्याला ते असभ्य वाटलं असेल, म्हणून अर्धंच काढलं."

सुभेदारांना शाप ऐकूच गेला नाही. त्यांना जमीन ऐकू आली.

"बघा! म्हंजी जमीन देवाची. देवाची म्हंजी गावाची."

"आणि गावाची म्हंजी समितीची," मी म्हणालो. "मॅडम, कंची जमीन ते लिव्हलंय का?"

"ती ओळ झिजलीय. आणि दगड मूळचा इथलाच आहे असंही सांगता येत नाही. लोक असे दगड उचलून हद्दीला लावतात."

"मग असं करू," सुभेदार म्हणाले. "खालचा भाग सिमिटात पुरू. वरचा तेवढा दिसंल."

मॅडम भडकल्या. दगडाला हात लावायचा नाही, म्हणाल्या. मी शांत होतो. समोरचा घाईला आला की मी शांत होतो.

"मी कोपरा देतो," मी म्हणालो. सगळे माझ्याकडं बघायला लागले. "दगड अख्खा उभा करायचा. शेजारी पाटी लावायची, त्यावर मॅडमनी वाचलं ते सगळं मराठीत, ठळक. आणि खाली जमीन घेणाऱ्यांची नावं. सुभेदार, तुमचं पयलं."

सुभेदार दगडापासून दोन पावलं मागं सरले.

"आईवरनं शिवी हाय ती."

"माझी न्हाई. पूर्वजांची हाय."

समितीनं मग नवा दगड घडवून घेतला. वर सूर्यचंद्र तसेच, खाली गाढवाच्या जागी घोडा आणि तलवार उपसलेला स्वार. रस्त्याच्या पलीकडं, माझ्या समोरच त्याचा चौथरा झाला. एका पुढाऱ्यानं फीत कापली आणि इंग्रजांनी दडवलेला इतिहास उजेडात आणल्याबद्दल गावाचं कौतुक केलं. लोक गाड्या थांबवून त्या घोड्यापुढं फोटो काढतात. खरा दगड अलीकडं, माझ्या शटरच्या बाजूला उभा आहे. सरकारी माणूस एकदा येऊन माप घेऊन गेला.

दुकान चालू आहे. पण मधल्या काळात समितीनं ग्रामसभेत कोपरा गावाचा असल्याचा ठराव करून घेतला होता, तो अजून मागं घेतलेला नाही. परवा सुभेदार सरकी पेंड न्यायला आले.

"पाव्हणं, तेवढं खालचं झाका की. समोर शाळंच्या सहली येत्यात. पोरं आमच्याकडं पाठ करून इकडंच बघून हसत्यात."

"झाकतो की. आधी कोपरा माझा हाय म्हणून ठराव करा."

"त्ये जमणार न्हाई."

"मग हसू द्यात."

ते पोतं गाडीवर टाकून गेले. मी बादली भरून आणली आणि दगड धुवायला घेतला. पहिल्यांदा खालचा भाग चांगला घासून काढला.