एक माप तुती

आमच्या काटेवाडीच्या घरात लिटर आणि किलो यांत फरक मानायची पद्धत नव्हती. घर दुधाचं. लिटरचं माप भरलं की किलो झालं, एवढं गणित सगळ्यांना पुरायचं. मी बारावी शिकून त्या घरात आले होते, तरी मलाही तेच पुरलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत बायकांसाठी जॅम करायचा वर्ग निघाला. प्रत्येकीनं घरून एक बाटली करून आणायची, आणि जिची बाटली पसंतीस उतरेल तिला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी, असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं. मला ती नोकरी हवीच होती. शेणाच्या पाट्या उचलून माझा जीव विटला होता.

रेशमाच्या किड्यांसाठी लावलेली तुती बांधावर फळांनी काळी झाली होती. बाईंचा हिशोब सोपा, किलोला किलो साखर. मी दोन मापं तुती घेतली, दुकानातून दोन किलो साखर आणली आणि शिजत घातलं. सकाळी बघते तर उलथनं पातेल्यात ताठ उभं. ओढलं तर पातेलंच वर आलं. वर्ग संपायला दोनच दिवस उरले होते.

सासूबाई गोठ्यातून आल्या, पातेल्यात डोकावल्या. मग ताज्या तुतीचं माप भरून हातावर तोललं आणि म्हणाल्या, "ह्यात सहाशे गिराम बसत्यात. दुधागत भरत न्हाय ते, मधी समदी पोकळी."

मला पटेना. ते माप घेऊन तरातरा दुकानात गेले. काटा सहाशेवर थांबला. लग्नाआधी सासूबाई इंदापूरच्या बाजारात बोरं विकायच्या, हे मला दुकानदाराकडून कळलं. त्या घरात मला तीन वर्षं झाली होती.

"आत्या, काल मी माप भरताना बोलला का नाहीत?" घरी येऊन सासूबाईंना विचारताना माझा आवाज चढला होता.

"तू शिकलेली. म्हटलं, ठावं आसंल."

दुसरा जॅम त्यांच्या अंदाजानं केला. बाईंनी चाखला, पुन्हा चाखला. "घरी काटा नाही म्हणता, मग वजन कसं जमवलं?" खोटं बोलायचं मनात आलं होतं, कबूल करते. पण तोंडातून निघून गेलं, "सासूबाईंनी हातावर तोललं."

"उद्या त्यांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंपुढं फळांच्या पाच टोपल्या ठेवल्या. त्या एकेक उचलायच्या, आकडा सांगायच्या, आणि काटाही तेच सांगायचा. नोकरी त्यांना मिळाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवरून उचललेच नाहीत.

सोमवारी त्या लेकाच्या मोटारसायकलवर मागं बसल्या, मी भरलेला डबा मांडीवर घेऊन. मी शेणाची पाटी घेऊन दारात उभी. गाडी सुरू झाल्यावर त्या वळून म्हणाल्या, "धारा येळंवर काढ. आन् दूध लिटरनंच माप."