दादांच्या पायाचा क्लच

"आधी पाय दाखवा, गाडी मंग बगू," असं म्हणून मिस्तरींनी आमच्या दादांना चक्क पायजमा वर करायला लावला. तुम्ही बेल्ह्याच्या बैलबाजाराला गेला असाल, तर मिस्तरींना नक्की पाहिलं असेल. दुसऱ्याच्या गाडीत बसताना चपला बाहेर काढणारे आणि अनवाणी पायानं क्लच दाबून डोळे मिटणारे ते गृहस्थ.

दादा म्हणजे माझे वडील. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, पण त्यांच्या त्या म्हाताऱ्या मोटारीचा दगडासारखा क्लच दबेना. मग काय, दिवसभर शेडमध्ये स्टेअरिंग धरून बसायचे. जेवायला हाक मारली तरी येत नसत. मी वैतागून म्हटलं, "विकून टाका ती!"

"मलाबी वीक तिच्यासंगं," दादा म्हणाले. त्या दिवशी मी घाबरले आणि मिस्तरींना गाठलं.

मिस्तरींनी गुडघा वाकवून पाहिला. "पाय एवढाच दाबणार. म्हंजी क्लचनंच ऐकाय पायजे." टेम्पोचा हलका क्लच बसवायचा ठरलं. त्यासाठी इंजिनमागचं जड लोखंडी चाक, म्हणजे फ्लायव्हील, लेथवर तासून त्याला नवी भोकं पाडायची होती. तसलं चाक आता कुठं मिळत नाही. बिघडलं की गाडी भंगारात. दादा नुसतं "पाडा" म्हणाले.

पुढच्या बाजाराला पाहते तर काय, मिस्तरींनी डाव्या गुडघ्याला बांबूच्या कामट्या लावून वर उपरणं आवळलेलं, आणि स्वारी आमची गाडी घेऊन बैलांच्या गर्दीत शिरलेली! क्लच तपासायचा तर तो बाजारातच, असं त्यांचं म्हणणं. पावलापावलाला दाबावा लागतो.

"काय वो मिस्तरी, बैलानं लाथ घातली काय?" एक व्यापारी ओरडला.

"नाय राव, दादांचा पाय लावलाय!"

बाजारात क्लच लोण्यासारखा चालला. आणे घाटात चढावर तपासायला गेलो, तिथं मात्र इंजिन बोंबलू लागलं, गाडी पुढं सरकेना आणि जळका वास सुटला. मिस्तरींनी गाडी उतारावरनं तशीच मागं मागं खाली आणली. "माजीच चूक, ताई," ते म्हणाले. "प्लेट घासते तिथलं लोखंड तासलं, पर कव्हर बसतं ती कड तशीच उंच ऱ्हायली. दाब पडंना." कपाळावर हात मारून पुन्हा इंजिन उतरवायला बसले. मी दादांना काही सांगितलं नाही. दादांनी विचारलंही नाही, पण जेवणही केलं नाही.

कड तासून झाल्यावर स्टेअरिंगवर दादा बसले. मागच्या सीटवर मिस्तरी, मांडीवर चाकामागं लावायचा भला मोठा दगड घेऊन. मी शेजारी, देवाचं नाव घेत. घाटातल्या अवघड वळणावर मिस्तरी म्हणाले, "थांबवा. आता उचला."

दादांनी क्लच दाबला, सोडला. गाडी हूं म्हणून वर निघाली. दादा लहान पोरासारखे हसले, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मिस्तरी मागून म्हणाले, "हा दगुड आता मांडीवरनं उतरवू का?"

औंदा मिस्तरी गेले. झोपेतच, त्रास न होता. घर त्यांचं घाटावर, आण्याला. त्यांच्या जलदान विधीला जायचं तर दादा म्हणाले, "मीच नेणार." घाटात त्याच वळणावर त्यांनी मुद्दाम गाडी थांबवली. चपला काढल्या. अनवाणी पायानं क्लच दाबून क्षणभर डोळे मिटले.

मग क्लच सोडला, तशी गाडी जराही मागं न सरकता वर निघाली. मी वळून पाहिलं. मागच्या सीटवर तो दगड तसाच होता; दादा तो कुणाला काढू देत नाहीत.