साडूचा हेडफोन

कानमास्तर हे नाव त्याला गिऱ्हाइकांनी दिलं आणि त्याने ते मोठ्या खुशीत मिरवलं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एका कोपऱ्यात त्याचा एवढासा काउंटर. इयरफोनच्या तुटक्या वायरी जोडायच्या, हेडफोनच्या झिजलेल्या गाद्या बदलायच्या, हे पोटापाण्याचं काम. रुबाब सुरू व्हायचा त्यानंतर. गिऱ्हाइकाच्या कानाचं भोक बघून तो रबरी टोपी निवडायचा. "टोपी सैल बसली की ठेका निसटतो, मग कितीही भारी घ्या," असं बजावायचा. मग गिऱ्हाइकाचा फोन मागून घेऊन आवाजाच्या पट्ट्या सरकवायचा. जाड आवाजाची जराशी खाली, बारीक आवाजाच्या चांगल्या वर. गिऱ्हाइकं माना डोलवायची. घरी गेल्यावर त्या पट्ट्या परत कुठे न्यायची, देव जाणे.

बायकोला तर त्याने इयरफोनचे कितीतरी जोड लावून दिले होते. ती घरी शिवणकाम करायची आणि मशीनवर बसून गाणी ऐकायची. पण त्याचा कुठलाही जोड तिच्या कानात दोन गाण्यांच्या वर टिकायचा नाही. 'कान अवघडले' म्हणत ती काढून ठेवायची. हिला आवाजातलं काही कळत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

अशात एका सुट्टीला साडू आला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, पाण्याच्या टाक्या विकणारा. त्याने मेहुणीसमोर हेडफोनचं मोठं खोकं ठेवलं. "दुकानदार म्हणाला, वापरून वापरून याचा आवाज खुलतो."

"असं काही नसतं," मास्तर म्हणाला. "वापरून मुरायला ती काय कढई आहे?"

"तुम्ही जाणकार. आम्ही आपलं कानाला गोड लागलं ते उचललं," साडू हसत म्हणाला.

ते हसणं मास्तरला झोंबलं. त्याहून झोंबलं ते पुढचं. बायको तो हेडफोन घालून तासन्‌तास शिवत बसू लागली. भाजी चिरतानाही डोक्यावर तोच. "गाद्या इतक्या मऊ, डोक्यावर काही आहे हेच विसरायला होतं," ती म्हणाली. मास्तरला घास गोड लागेना. आपण जळतोय हे त्याला पुरतं कळत होतं, पण कळून विझायला ती काय चूल होती?

एकदा ती शिवलेले कपडे द्यायला शेजारी गेली, फोन नि हेडफोन घरीच होते. मास्तरचे हात शिवशिवले. फोनमधल्या पट्ट्या त्याने लावल्या होत्या तशाच होत्या. त्याने बारीक आवाजाच्या सगळ्या पट्ट्या चांगल्या खाली ओढल्या आणि हेडफोन घालून ऐकलं. पांघरुणात तोंड खुपसून कुणी गावं तसं गाणं. छान. आता ही वैतागून आपल्याकडेच येईल, आपण एका मिनिटात दुरुस्त करून देऊ, मग कळेल जाणकार कोण ते.

ती आली, हेडफोन घालून मशीनवर बसली. थोड्याच वेळात तिचा पाय थांबला. मास्तर वर्तमानपत्राआडून बघत होता. डोळे मिटून तिने एक गाणं ऐकलं, मग दुसरं, मग तिसरं.

"अहो, भाऊजी म्हणाले ते खरं निघालं," ती हेडफोन गळ्यात उतरवत म्हणाली. "आज आवाज खुलला. गाणारी बाई जवळ बसल्यासारखी वाटते. टोचत नाही कुठे."

"टोचत नाही म्हणजे?"

"तुम्ही लावून द्यायचात ना, त्यात स आणि श कानात सुईसारखे घुसायचे. यातही आजवर थोडे टोचायचेच. एवढ्या हौसेने करायचात, कसं सांगणार?"

मास्तरला आता उलगडलं. दिवसभर हेडफोन मोठ्या आवाजात तपासून त्याचेच कान थकले होते. बारीक आवाज त्याला कमी ऐकू यायचा, म्हणून तो सगळ्यांनाच वाढवून देत आला होता. आणि बायको इतकी वर्षं त्याच्यासाठी ते सोसत होती. या पट्ट्या मीच लावल्यात, हे सांगायला त्याने तोंड उघडलं. पण मग का लावल्या, तेही सांगावं लागलं असतं. तोवर तिने साडूला फोन लावलासुद्धा होता. भाऊजींचं भरभरून कौतुक करून तिने तो त्याच्या हातात दिला.

"काय मास्तर," साडू विचारत होता, "खुलला म्हणे आवाज?"

बायको त्याच्याकडे बघत होती. त्याच्या हातच्या कामावर ती इतकी खूश कधीच झाली नव्हती, आणि हे काम त्याच्याच हातचं होतं.

"खुलला," तो म्हणाला. "कान तुम्हाला आहे, साडूभाऊ."