तिसऱ्या चौकटीतलं नाव

माझा मेहुणा मोटार चालवायला शिकवतो. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं, मांडीवर हजेरीचं कार्ड ठेवायचं आणि पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर तयार ठेवायचा, हे काम तो एकोणीस वर्षं करतोय. शिकणाऱ्याला वाटतं आपण गाडी चालवतोय. खरं तर मेहुणा ती थांबवत असतो. त्याआधी चौदा वर्षं तो फुटबॉल खेळला, तेव्हाही त्याचं काम थांबवण्याचंच होतं. बचावफळीत तो मधोमध उभा राहायचा आणि त्याच्यापर्यंत आलेला चेंडू सहसा पुढे जायचा नाही. प्रेक्षकांनी त्याचं नाव कुलूप ठेवलं ते कायमचंच. खरं नाव आता फक्त माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, वापरते आणि तीही रागावली तरच.

मी वर्तमानपत्रात होतो आणि बरीच वर्षं क्रीडापान माझ्याकडे होतं. त्यामुळे घरात एक खेळणारा आणि एक त्याच्यावर लिहिणारा अशी जोडी जमली होती. या जोडीत जास्त चुका कोणी केल्या, हे गेल्या वर्षापर्यंत मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे दर वर्षी सर्वोत्तम फुटबॉलपटूला पितळी बूट मिळतो. आज त्या समारंभाला कॅमेरे असतात, विजेत्याचं चित्र बसच्या मागच्या बाजूला झळकतं. सुरुवात मात्र एका क्रीडा साप्ताहिकाच्या ऑफिसात झाली, तीही एक जाहिरात ऐन वेळी रद्द झाली म्हणून. अर्धं पान मोकळं राहिलं होतं. संपादकांनी खोलीतल्या सात जणांना विचारलं, यंदा सगळ्यात चांगला कोण खेळला, आणि आलेलं उत्तर पुरस्कार म्हणून छापून टाकलं. पुरस्कार छापला म्हटल्यावर तो देणं आलं. छपाई विभागातल्या एकाचा जुना बूट लाकडी ठोकळ्यावर ठोकून त्याला पितळी रंग दिला गेला. पहिल्या विजेत्याने तो घरी नेला तेव्हा त्याच्या आईने दाराबाहेर चपलांत ठेवला म्हणतात.

पुढे बूट खरोखर पितळेचा झाला आणि मतं देणारे सातांचे एकोणीस झाले. एकेका शहरातून एक बातमीदार, आमच्या शहरातून मी, आणि प्रत्येकाने तीन नावं द्यायची. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. एका वर्षी एका मतदाराने दोन हंगामांपूर्वी निवृत्त झालेल्याला तीन गुण दिले. एकदा विजेता आजारी होता म्हणून त्याचे सासरे बूट घ्यायला आले आणि अर्धा तास स्वतःविषयी बोलले. एवढं होऊनही पुरस्काराचा मान वाढतच गेला. एक गोष्ट मात्र कधी घडली नाही. बूट बचावपटूला कधीच मिळाला नाही. ज्याने गोल केला त्याचं नाव बातमीत येतं. जो गोल होऊ देत नाही त्याचं नाव कुठे घालायचं, हे आम्हा लिहिणाऱ्यांना कधी सुचलंच नाही.

तेवीस वर्षांपूर्वी ते घडायला आलं होतं. कुलूप तेव्हा एकतीस वर्षांचा होता. त्या हंगामात त्याच्या संघाने सव्वीस सामन्यांत फक्त नऊ गोल खाल्ले. समारंभाला आम्ही सगळे नव्या कपड्यांत गेलो. निकाल लागला. बूट एका फॉरवर्डला गेला, गुण अडतीस. कुलूप दुसरा, गुण पस्तीस. मतपत्रिका मोहोरबंद खोक्यांत गेल्या, कारण कोणी कोणाला मत दिलं हे गुपित ठेवायचा नियम होता.

त्या संध्याकाळी साप्ताहिकाचे संपादक भाषणात म्हणाले, आपल्यातल्या एका सद्‌गृहस्थाने स्वतःच्या जवळच्या नातेवाईकाला तिसरं स्थान दिलं, अशा माणसांमुळेच या पुरस्काराची शान आहे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हा कोण महात्मा, असं मनात आलं आणि त्याच्या नातेवाईकाची कीव वाटली. पुढच्या वर्षी मला पुरस्कार समितीवर घेतलं. माझ्या अभ्यासामुळे घेतलं, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

कुलपाने पराभव निमूटपणे घेतला, पण हिशेब सोडला नाही. भाऊजींचे तीन तर आहेतच, असं म्हणून तो उरलेल्या अठरांची छाननी करायचा. दर वर्षी बुटाचा निकाल टीव्हीवर लागला की आमच्या जेवणाच्या टेबलावर ही छाननी नव्याने सुरू व्हायची. शेवटी त्याचा संशय शेजारच्या शहरातल्या एका बातमीदारावर स्थिरावला. हे गृहस्थ सामन्याला दुर्बीण घेऊन यायचे, म्हणून त्यांना सगळे दुर्बीणच म्हणत. समारंभानंतर त्यांनी कुलपाची नजर चुकवली होती. तेवढा पुरावा कुलपाला पुरला.

आठ वर्षांपूर्वी दुर्बीण निवृत्त होऊन लेकीकडे आमच्या शहरात राहायला आले. कोणतंही संकट नसताना मोटार शिकायची त्यांना हौस आली आणि ते नेमके कुलपाच्या शाळेत गेले. कुलपाने त्यांना अकरा दिवस दोन पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायला लावली. बाराव्या दिवशी परीक्षा झाली. गाडी मागे घेण्यात त्यांना पैकीच्या पैकी मिळाले आणि सरळ रस्त्यावर ते नापास झाले.

मी हे ऐकून पोट धरून हसलो होतो.

गेल्या वर्षी पुरस्काराची पन्नाशी जवळ आली आणि समितीने इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरवलं. जुन्या वर्षांच्या सगळ्या मतपत्रिका त्यात छापायच्या होत्या. गुपिताची मुदत वीस वर्षांची होती, ती त्या वर्षांसाठी संपली होती. लिहायचं काम माझ्याकडे आलं. साप्ताहिकाच्या जिन्याखालच्या खोलीत स्टूल टाकून मी खोकी उपसायला बसलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मला माझीच मतपत्रिका सापडली.

त्या वर्षी फॉर्म नवा होता. आधीच्या फॉर्मवर ‘३ गुण’, ‘२ गुण’, ‘१ गुण’ असं लिहून पुढे रेघ असायची. हे किचकट आहे, सोपं करा, अशी सूचना गेली होती, म्हणून त्यांनी नुसत्या तीन चौकटी छापल्या. १, २, ३. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे पसंतीचे क्रमांक आहेत, गुण नव्हेत. बारीक अक्षर मी वाचलं नाही. सवयीने तीनच्या चौकटीत, म्हणजे तीन गुणांच्या जागी, मी ठळक अक्षरांत आणि खाली रेघ मारून कुलपाचं नाव लिहिलं होतं. एकच्या चौकटीत तो फॉरवर्ड होता. कुलपाला माझ्याकडून एक गुण गेला आणि त्याला तीन. माझं मत सुलटं असतं तर सदतीस विरुद्ध छत्तीस झालं असतं.

फॉर्म सोपा करायची सूचना माझी होती. तिची प्रतही त्याच खोक्यात होती.

मी समितीच्या अध्यक्षांना गाठलं. हे पूर्वीचे रेफ्री, त्यामुळे दिलेला निर्णय बदलायचा नसतो हे त्यांच्या अंगात मुरलेलं. निकाल बदलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. जाहीर झालेला निकाल अंतिम, असा समितीचा नियम होता आणि त्याचा मसुदा मीच केला होता. वर त्यांनी मला एक वाट दाखवली. मत छापलं जाईल, पण चूक झाली हे सांगायची गरज काय? मेहुण्याला तिसरा ठेवणारा माणूस अशी समितीत तुमची ख्याती आहे, ती राहू द्या. तेव्हा मला कळलं, तेवीस वर्षांपूर्वी मी टाळ्या कोणासाठी वाजवल्या होत्या.

म्हणजे पुस्तकात मला दोनच रूपं घेता येत होती. मेहुण्याला मनापासून तिसरा मानणारा निःपक्षपाती पत्रकार किंवा फॉर्म भरता न येणारा गाढव. पहिलं रूप दिसायला चांगलं होतं. फक्त त्यात कुलपाने तेवीस वर्षं घट्ट धरून ठेवलेले माझे तीन गुण जात होते.

दोन दिवस मी टिपण लिहीत बसलो. तिसऱ्या दिवशी बायकोने ते उचलून वाचलं. त्यात होतं, ‘या वर्षी एका मतपत्रिकेवर नावे उलट्या क्रमाने लिहिली गेली.’

“कोणी लिहिली?” तिने विचारलं.

मी सांगितलं.

तिने कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, “लग्नाच्या नोंदणीचा फॉर्मसुद्धा तुम्ही वराच्या जागी माझं नाव घालून आणला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.” आणि कागद परत देताना एवढंच म्हणाली की ‘लिहिली गेली’ काढा, ‘मी लिहिली’ घाला, आणि छापायच्या आधी त्याला तोंडाने सांगा.

मी ‘मी लिहिली’ घातलं. तोंडाने सांगायला आणखी आठवडा गेला.

सुट्टीच्या दिवशी कुलूप शाळेची गाडी गॅरेजला नेणार होता. त्याचा खांदा दुखत होता म्हणून त्याने मला चालवायला बोलावलं. तो सवयीने शेजारी बसला. मी पाण्याच्या टाकीच्या वळणापर्यंत हवापाण्याविषयी बोललो आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. गाडी थांबली. मी थांबवली नव्हती. मागच्याने हॉर्न वाजवला, तेव्हा कुलपाने मला गाडी बाजूला घ्यायला लावली.

“भाऊजी, तुम्ही मला किती दिले?”

“एक.”

“मनात किती होते?”

“तीन.”

तो ओठ हलवत बेरीज करत राहिला. सदतीस-छत्तीस, असं स्वतःशीच म्हणाला. पुढे काय येईल याची मी तयारी केली होती. माफीची तीन वाक्यं पाठ होती, त्यातलं एकही आठवेना.

“मला वाटलं, तुम्ही म्हणणार की मी तिसराच होतो,” तो म्हणाला.

“तसं म्हटलं असतं तर?”

“तर तुमच्याकडे जेवायला आलो नसतो. आता येईन. मूर्खपणाचं काय, तो घरचाच आहे.”

मला हायसं वाटलं, पण लगेचच त्याने विचारलं की बाकीच्यांनी काय दिलं. मी आठवतील तसे आकडे सांगत गेलो. कोणाचा एक, कोणाचे दोन, चौघांनी काहीच नाही. तो मान हलवत होता.

“आणि दुर्बीण?”

“तीन. पहिल्या चौकटीत तुझंच नाव.”

कुलपाचा चेहरा उतरला. बूट गेल्याचं ऐकताना उतरला नव्हता तो आता उतरला. अकरा दिवस, असं तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, भर उन्हात अकरा दिवस. मग त्याने गॅरेज रद्द केलं आणि मला गाडी वळवायला सांगितली.

दुर्बीण तिसऱ्या मजल्यावर राहतात. दार त्यांनीच उघडलं आणि कुलपाला पाहून एक पाऊल मागे सरकले. आपण आता मोटार शिकत नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. कुलपाने माफी मागितली. कशासाठी ते मला समजावून सांगावं लागलं आणि ते सांगताना माझीच गोष्ट पुन्हा सगळी सांगावी लागली. दुर्बीण हसले नाहीत. त्यांनी मला फक्त विचारलं की फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं ना. होतं, असं मी म्हणालो.

“मग त्या दिवशी माझ्याकडे बघितलं का नाहीत तुम्ही?” कुलपाने त्यांना विचारलं.

“लाज वाटली. तुला मिळणार असं मी माझ्या पेपरात आधीच छापून बसलो होतो.”

आम्ही चहा घेतला. कुलपाने कप खाली ठेवला आणि शेवटी विचारायचं ते विचारलं. पहिला क्रमांक का दिलात?

दुर्बीण म्हणाले, “उपांत्य सामना. सत्तर मिनिटं झाली होती. आमचा डाव्या बाजूचा पोरगा चेंडू घेऊन सुटला. तू त्याच्या अंगावर गेलाच नाहीस. दोन पावलं मागे आलास आणि उभा राहिलास. त्याला मधली वाट दिसेना. त्याने चेंडू परत मागे दिला. बस, काही झालं नाही.” मग ते म्हणाले, “ते तुझ्यामुळे झालं नाही. मी दुर्बिणीतून बघत होतो.”

त्या सामन्याची बातमी मीही दिली होती. सामना रटाळ झाला, असं तिचं पहिलं वाक्य होतं. हे मी तिथे बोललो नाही.

कुलूप पुढे सरकून बसला. मागे आलो ते दोन नव्हे, तीन पावलं, असं त्याचं म्हणणं पडलं. दुर्बीण दोनवर ठाम होते. त्यांनी चष्म्याचं घर टेबलावर ठेवलं, हा तू. साखरेचं भांडं म्हणजे तो पोरगा. कुलपाने चमचा आडवा टाकून उजवा बॅक दाखवला, तो दुर्बिणींना मान्य झाला नाही. पाऊण तास ते दोघं त्या एका हालचालीवर भांडत होते आणि मला कोणी काही विचारलं नाही. मध्ये एकदा दुर्बिणींनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा काहीतरी बोलावं म्हणून मी घसा साफ केला. त्यांना माझी कपबशी उचलून हवी होती. ती गोलरेषेवर येत होती.