नेपाळच्या गाडीआधीची पूजा

बिहारच्या टोकाला असलेल्या जयनगरहून नेपाळातल्या जनकपूरला रेल्वे जाते. आईला त्या वाटेनं पुढे पशुपतिनाथाला जायचं होतं. तिच्या गुडघ्यांकडे पाहता पुन्हा असा प्रवास होणार नाही, हे लातूरहून निघतानाच आम्हा तिघांना ठाऊक होतं. तिसरा माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. उदगीरला त्याचं कापडाचं दुकान.

परदेशात जाणारी गाडी. ओळखपत्रं बघणार, सामान तपासणार. म्हणून मी दोघांना दोन तास आधीच स्टेशनात आणून बसवलं. मामा लॉजपासूनच कुरकुरत होता.

"काय गं भाची, आजून डायवरबी आंघोळीला गेला नसंल. आपली मुखेडची एस्टी हात केला की थांबती."

"मुखेडची एस्टी नेपाळला जाते का मामा?"

"गेली असती तर खिडकीतनं रुमाल टाकून जागा तरी धरली असती!"

आई हसली नाही. सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आम्ही लिंगायत. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ती काही तोंडात घालायची नाही, आणि लॉजच्या त्या खोलीत पूजेला बसायला तिचं मन घेत नव्हतं. जनकपूरला पोचून करीन, म्हणाली होती.

तपासणीच्या टेबलापाशी जवानानं तिच्या गळ्यातल्या, इष्टलिंग ठेवलेल्या चांदीच्या डबीकडे बोट केलं. उघडून दाखवा, म्हणाला.

"दाखविते की," आई म्हणाली. "पन एकदा उघडली की पूजा केल्याबिगर मी झाकत न्हाई."

हा तिचा स्वतःचा नेम. मी तो हिंदीत सांगितला. जवानानं घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्यामागच्या रांगेकडे.

"येळ हाय का गं?" आईनं मला विचारलं.

"आहे," मी म्हणाले. घाई केली तर ती उपाशीच गाडीत चढेल, हे मला कळत होतं.

जवानानं बाजूचं बाकडं दाखवलं. आई बसली. डाव्या तळहातावर लिंग, त्यावर भस्म, लातूरहून आणलेलं सुकलेलं बेलाचं पान. धक्के मारत जाणाऱ्या गर्दीकडे पाठ करून मामानं खांद्यावरचा टॉवेल पडद्यासारखा धरला आणि शेवटपर्यंत तसाच उभा राहिला. डबी मिटली. आई पाणी प्यायली. आम्ही आत गेलो तेव्हा गाडी भरत आली होती, पण मिळाली. पुढे पशुपतिनाथाचं दर्शनही झालं.

या उन्हाळ्यात आई गेली. आमच्यात दहन करत नाहीत, पुरतात. बसवून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. ऊन चढू लागलं तशी चार माणसं उरका, उरका म्हणू लागली. मामानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तिच्या डोक्यावर सावलीला धरला.

"गडबड करू नका," तो म्हणाला. "अक्काची पूजा होऊ द्या. येळ हाय."