निवड चैतालीची झाली

सातपूरला अशोकनगरच्या बस स्टॉपसमोर, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर ज्ञानेश सोनवणेचा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास होता. कारखान्यातले ऑपरेटर, नर्सिंगच्या मुली, बढतीसाठी इंग्रजी हवं असलेले सुपरवायझर असे सगळे तिथे येत. ज्ञानेश एम. ए. होता, व्याकरणात पक्का होता आणि आपण पक्के आहोत हे त्याला चांगलं ठाऊक होतं. रस्त्यात कुणी चुकीचं इंग्रजी बोललं, तरी त्याच्या कपाळावर आठी चढायची.

चैताली याच क्लासात आली होती. मखमलाबादच्या फुलशेतकऱ्याची मुलगी, बी. ए. झालेली, पण इंग्रजीत तोंड उघडायला घाबरायची. कोर्स संपल्यावर वर्षभरात दोघांचं लग्न झालं आणि ती जवळच्या शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवू लागली. कुणी तिचं कौतुक केलं की ज्ञानेश म्हणायचा, "माझीच विद्यार्थिनी." तिलाही त्यात काही खोटं वाटत नसे.

एका जुन्या विद्यार्थ्याने जाहिरात पाठवली. व्हिएतनाममधल्या दा नांग शहरातल्या एका खासगी शाळेला इंग्रजीचे शिक्षक हवे होते. परदेशात जाऊन शिकवायचं हे ज्ञानेशचं कॉलेजपासूनचं वेड. त्याने त्याच दिवशी अर्ज केला आणि चैतालीलाही करायला लावला.

"मी कशाला?" ती म्हणाली. "माझं इंग्लिश तुमच्यासारखं थोडंच आहे?"

"मिळालं तर दोघं जाऊ. तुला नाही मिळालं, तरी माझ्याबरोबर येशीलच की."

तिच्या अर्जातल्या चुका त्यानेच दुरुस्त केल्या.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. समोर लान नावाच्या बाई होत्या. आधी ज्ञानेश बसला. इस्त्रीचा शर्ट, मागे फळा, फळ्यावर काळांचा तक्ता. लानबाई म्हणाल्या, "समजा, मी सहा वर्षांची मुलगी आहे. मला शिकवा." ज्ञानेशने तक्ता समजावून सांगितला. एकही चूक केली नाही. लानबाईंनी मान डोलावली, आभार मानले.

दुसऱ्या दिवशी चैतालीची पाळी आली. ज्ञानेश दाराआड उभा राहून ऐकत होता. चैतालीने स्वयंपाकघरातला झारा सोंडेसारखा नाकाला लावला आणि ओरडली, "आय अ‍ॅम हंग्री एलिफंट!" 'अ‍ॅन' राहिला म्हणून ज्ञानेशने कपाळाला हात लावला. पण पलीकडून लानबाई खळखळून हसत होत्या. थोड्या वेळाने त्याही माकड झाल्या आणि चैतालीकडे केळी मागू लागल्या.

आठवड्याने उत्तरं आली. निवड चैतालीची झाली. ज्ञानेशला नुसतेच आभार.

त्याची आई मालनबाई पेढे घेऊन गल्लीभर फिरल्या. ज्ञानेशने एक पेढा तोंडात टाकला, तो तिथेच घोळत राहिला. "त्यांना बायकाच हव्या असतील," तो आईला म्हणाला. मग चैतालीला म्हणाला, "तिकडे जाऊन चुकीचं शिकवू नकोस म्हणजे झालं." ती पेढ्यांचा डबा आत ठेवायला गेली. तो मात्र आता तिला उठता-बसता टोकू लागला. भाजीवाल्यासमोर, पाहुण्यांसमोर, फोनवर बोलत असताना. क्लासात कुणी "मॅडमचं अभिनंदन सर" म्हणालं की तो पाठ फिरवून फळा पुसायला लागायचा. वर्षानुवर्षं मी घासायचं आणि झारा घेऊन नाचणारीने विमानात बसायचं!

एका सोमवारी सकाळी चैताली गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिचा फोन वाजला, तो ज्ञानेशने उचलला. लानबाई होत्या. व्हिसाचं काम लवकर सुरू करायचं होतं. शुक्रवारपर्यंत चैतालीचा पक्का होकार कळला नाही, तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, असं त्या म्हणाल्या.

"मी तिला सांगतो," ज्ञानेश सफाईदार इंग्रजीत म्हणाला. फोन ठेवला आणि आलेल्या कॉलची नोंद पुसून टाकली.

त्याने सांगितलं नाही. जेवताना सांगू, मग उद्या सांगू, असं स्वतःला म्हणत राहिला. ती समोर बसून नव्या बॅगेच्या चेनविषयी बोलत होती, तेव्हाही गप्प राहिला. शुक्रवारी संध्याकाळी ती पोळ्या लाटत असताना फोन पुन्हा वाजला. पिठाच्या हातानेच तिने तो उचलला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

चालू फोन हातात धरूनच ती बाहेरच्या खोलीत आली. "अहो, सोमवारी त्यांचा फोन आला होता?"

"हो."

"विसरलात?"

खोटं बोलायला जागा होती. पण ज्ञानेशच्या तोंडून निघालं, "नाही. विसरलो नाही."

"मी तुमच्यापासून लांब जाईन म्हणून? की तुम्हाला मिळालं नाही म्हणून?"

आतून मालनबाई म्हणाल्या, "अगं, त्या बाई थांबल्यात ना? आधी होकार दे. याच्याशी मग भांड."

चैतालीने फोन कानाला लावला. "सॉरी मॅम. आय अ‍ॅम कमिंग. शुअर कमिंग," ती म्हणाली. त्या रात्री ती सासूजवळ झोपली. पुढचे कितीतरी दिवस ज्ञानेशशी कामापुरतंच बोलली.

निघायच्या दिवशी तो तिला ओझरच्या विमानतळावर सोडायला गेला. दारातल्या जवानाने तिचं तिकीट पाहून तिला आत जायला सांगितलं आणि त्याला अडवलं. "मी तेव्हा वाईट वागलो," तो घाईघाईने म्हणाला. "हो," चैताली म्हणाली, "वागलात." मग त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आत गेली. काचेपलीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा होता. तेव्हाही त्याला वाटत होतं, या दारातून मी जायला हवं होतं.

ती रोज मालनबाईंना फोन करायची, त्याच्याशी जेवढ्यास तेवढं. दिवाळीनंतर एकदा त्यानेच विचारलं, "वर्गात काय करतेस गं? मला बघायचंय." दुसऱ्या दिवशी तिने थेट वर्गातून व्हिडिओ कॉल लावला. फोनवर वीस-पंचवीस चिमुरडे चेहरे वाकले.

"माय हजबंड," चैताली म्हणाली. "ही इज टीचर."

एका मुलीने त्याला विचारलं, तुझा आवडता प्राणी कोणता? ज्ञानेश म्हणाला, "बफेलो." पोरांना शब्द कळला नाही. त्याने मान पुढे काढली आणि चक्क हंबरला. वर्गात नुसता हशा उसळला. एक पोरगा बाकावर चढून उलट हंबरला, म्हणून ज्ञानेश आणखी मोठ्याने हंबरला. मालनबाई घाबरून धावत आल्या.

कॉल संपला, तरी तो हसत होता. मग हसू ओसरलं. हे तिला रोज मिळतं, मला का नाही, असं पुन्हा त्याच्या मनात आलं. थोड्या वेळाने त्याने चैतालीला मेसेज करून विचारलं, "तुमच्याकडे पुन्हा जागा कधी निघतील?"

"जूनमध्ये," तिचं उत्तर आलं. "पण मुलाखतीची तयारी माझ्याकडे करावी लागेल."

त्याने तासभर उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, "ठीक आहे."