चालंल अजून

मोडलेली वस्तू दुरुस्त करणारी माणसं जगात पुष्कळ सापडतील. न मोडलेली वस्तू दुरुस्त करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि नशिबानं तो माझा घरमालक निघाला. महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. खाली चाचा आणि चाची, वर माडीवर मी. मी पोलादपूरच्या शाळेत शिकवायची. भाडेकरूनं सांगून सांगून थकावं आणि घरमालकानं कानात बोळे घालून बसावं ही जगाची रीत, पण आमच्याकडे सगळाच उलटा कारभार. नळ गळायच्या आधी त्याचा वायसर बदललेला असायचा, कौल फुटायच्या आधी उतरवलेलं असायचं. एकदा शाळेतून आले तर चाचा स्टुलावर चढून माझा चांगला पेटता बल्ब काढत होते. मी ओरडले, "अहो चाचा, तो पेटतोय!" तर वरूनच म्हणाले, "पेटतोय म्हनून तर काढतोय, बाई. जायाची वाट बघितली तर अंधारात काढावा लागंल." मी खाली उभी राहून स्टूल धरलं.

हे खूळ त्यांनी आखातातून आणलं होतं. त्यांच्या बरोबरीचे लोक तिकडून सोनं आणत, टेपरेकॉर्डर आणत, अत्तराच्या बाटल्या आणत. चाचा तिथे एका कंपनीच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते आणि त्यांनी आणली ती 'मुदत'. प्रत्येक वस्तूची एक मुदत असते, ती भरायच्या आत वस्तू बदलायची, मोडायची वाट बघत बसायचं नाही. "वाळवंटात गाडी बंद पडली की मानूस बंद पडतो," असं ते सांगत, आणि सांगताना असे घाम पुसत की महाडच्या गल्लीत आपल्यालाही वाळू दिसू लागे.

परत आल्यावर त्यांनी मुंबईहून एक जुनी जीप विकत घेतली. ती इतकी चाललेली होती की तिच्या मीटरचे आकडे संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले. त्या दिवशी चाचांनी गल्लीत पेढे वाटले. ही जीप महाड-पोलादपूर रस्त्यावर प्रवासी वाहायची आणि आम्ही चार मास्तर-बाया तिची कायमची गिऱ्हाइकं. इतर जिपा रस्त्यात बंद पडायच्या, चाचांची जीप घरी बंद असायची. ब्रेकचे लायनर झिजायच्या आधी बदल, रेडिएटरचे पाइप फुगायच्या आधी बदल, फॅनबेल्टला भेग दिसायच्या आधी बदल. उतरवलेला माल चांगला धडधाकट असायचा, तो स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर हसत हसत घेऊन जात. पोलादपूरच्या अर्ध्या जिपा चाचांच्या उतरलेल्या मालावर चालायच्या म्हटलं तरी चालेल.

बिरवाडीच्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरदेवाला घेऊन आंबेनळी घाट चढायचा होता, मुलगी वाईकडची. पोलादपूर सोडलं आणि घाटाच्या तोंडाशी चाचांनी गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं, बेल्टवर बोट फिरवलं आणि डिकीतून नवा काढला. नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून घड्याळ बघतोय, त्याचा मामा रस्त्यात उड्या मारतोय, "अवो, मुहूर्त टळंल!" चाचा पाना फिरवत शांतपणे म्हणाले, "मुहूर्त टळला तर भटजी दुसरा काढंल. घाटात बेल्ट तुटला तर दुसरा नवरा कुठनं काढू?" मामा जाऊन गाडीत बसला. लग्न वेळेवर लागलं, आणि चाचांनी दोन ताटं जेवून जुना बेल्ट आहेरासारखा गुंडाळून घरी आणला.

त्यांच्या घरात एका शब्दाला बंदी होती. तो शब्द 'चालंल'. आपल्याकडे निम्मा संसार या शब्दावर उभा असतो. दांडी हलते? चालंल. छत्रीची काडी मोडली? चालंल अजून. चाचांच्या कानावर हा शब्द पडला की त्यांचा चेहरा कारलं चावल्यासारखा व्हायचा. आणि अल्लानं बायको दिली ती अशी, की तिच्या तोंडात दुसरा शब्दच नाही. चाची फुटक्या कानाच्या कपातून चहा प्यायची, तुटक्या पट्ट्याची चप्पल दोरीनं बांधायची. चाचांनी जीपचा जुना ब्रेकड्रम उकिरड्यावर टाकला, तो तिनं उचलून आणून त्यात मोगरा लावला. "फेकता कशाला? चालंल वो अजून!" त्या 'वो'ला ती असा लांब हेल द्यायची की चाचांचा राग वाटेतच विरघळायचा. मार्चमध्ये सत्याग्रहाच्या दिवसाला तळ्यावर माझे नातेवाईक गावोगावहून यायचे, माडीवर पाय ठेवायला जागा नसायची. चाची खालून चहाची किटली पाठवायची, मी म्हणायची एवढा त्रास कशाला, तर खालून तेच उत्तर यायचं.

पुढे चाचीला जिना चढताना मधेच थांबावं लागू लागलं. ती कठड्याला धरून उभी राहायची आणि मोगऱ्याकडे बघत असल्याचं सोंग करायची. चाचांनी एकदाच ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. डॉक्टर म्हणाले, हृदयातला वॉल्व्ह खराब झालाय, मुंबईला नेऊन बदलावा लागेल. हे ऐकून दुसरा नवरा मटकन बसला असता. चाचा मात्र घरी आले ते जवळजवळ खुशीत. "वॉल बदलायचा हाय, बाई. बस्स! आपलंच काम!"

पण ही गाडी बॉनेट उघडू देईना. "मी काय तुमची जीप हाय?" चाची म्हणाली. आधी म्हणाली, लेकीचं बाळंतपण होऊ दे. मग म्हणाली, पाऊस सरू दे. मग ईद आली. चाचा दर वेळी समजवायचे, रागवायचे, एकदा तर माझ्यादेखत लहान मुलासारखे रडले, तिचं उत्तर ठरलेलं, "चालंल वो अजून." लोकांच्या वस्तू न विचारता बदलणारा हा माणूस आपल्या माणसापुढे हात चोळत बसला. मग त्यांनी हाताला येत होतं ते केलं. जीपचे टायर बदलले, वॉटरपंप बदलला, कमानपाटे बदलले. तोंड हायवेकडे करून, टाकी भरून जीप दारात उभी ठेवली. ती हो म्हणेल त्या क्षणी निघायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी चाचीला आडवंही होता येईना, तेव्हा ती हो म्हणाली. मी सोबत गेले. मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर तिचं डोकं होतं. जीप अशी चालली होती की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवावा. माणगाव गेलं, कोलाड गेलं. चाचांनी आरशातून बघत विचारलं, "थांबू काय गो? पानी पितेस?" चाची डोळे मिटूनच हलक्या आवाजात म्हणाली, "चालंल."

त्या शब्दावर चाचांनी जन्मात पहिल्यांदा विश्वास ठेवला. नागोठण्याच्या अलीकडे माझ्या खांद्यावरचं डोकं जड झालं. मी चाचांना हाक मारली. त्यांनी आरशात माझ्याकडे पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. इंजिन मात्र त्यांनी बंद केलं नाही. ते मागे येऊन तिचा हात धरून बसले, आणि जीप आपली एका सुरात, कुठेही न अडखळता चालू होती. मला त्या क्षणी त्या आवाजाचा फार राग आला.

त्यानंतर चाचांनी प्रवासी घेणं सोडलं. जीप घरापासून कब्रस्तानापर्यंत जायची आणि परत यायची. माझ्या नळाला धार लागली, जिन्यातला बल्ब गेला, तो मीच बदलला. ब्रेकड्रममधल्या मोगऱ्याला तेवढं ते न चुकता पाणी घालत. लोक म्हणाले, म्हातारा खचला, त्याचं कशात लक्ष नाही. मलाही तसंच वाटायचं.

एका शुक्रवारी त्यांनी जीप सुरू केली तर फॅनबेल्ट गल्लीभर किंचाळला. मी खाली धावले. बॉनेट उघडून बघते तो बेल्टला भेगाच भेगा, एका ठिकाणी तर दोरे लोंबत होते. मी म्हटलं, "चाचा, याची मुदत कधीच भरलीय. आज बाजारातून नवा आणते, तुम्ही बसवा."

ते बेल्टकडे बघत राहिले. त्यावर बोट फिरवलं. मग बॉनेट हळूच खाली घेत म्हणाले,

"चालंल वो, बाई. अजून."

शब्द तिचा होता, आणि 'वो'चा हेलही तिचाच. त्या घरात तो शब्द म्हणायला आता दुसरं कोणी राहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. वाद घालावा असं क्षणभर वाटलं, पण मी बाजूला झाले आणि जीपला वाट करून दिली. त्या शब्दापुढे आजवर कुणाचं चाललं होतं, की माझं चालावं?